खुराड्यातला जागेश्वर

निवडणूक हरलेल्या माणसाकडं दोन गोष्टी शिल्लक राहतात: फ्लेक्स आणि न वाटलेली पत्रकं. जागेश्वर पटलेनं दोन्ही कोंबड्यांना देऊन टाकल्या.

त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. डिसेंबरात थंडी उतरली आणि परसातल्या खुराड्याच्या जाळीतून वारं शिरायला लागलं, तेव्हा पुष्पाबाई त्याला म्हणाली, "जाळीले काहीतरी लावून द्या, भाऊजी." पुष्पाबाई म्हणजे जागेश्वरच्या वारलेल्या मोठ्या भावाची, केशोरावची बायको. कोंबड्या तिच्या. काहीतरी म्हणजे तिच्या मनात एखादं पोतं असावं. जागेश्वरनं माळ्यावरून प्रचाराचा फ्लेक्स काढला आणि पत्र्याच्या छतापासून थेट जमिनीपर्यंत असा ठोकला, की आत मुंगी शिंकली तरी ती शिंक आतच राहावी. छापलेली बाजू त्यानं आत केली. बाहेर केली असती तर गाव म्हणालं असतं, आता कोंबड्यांचं मत मागून राहिला. आत केल्यामुळं असं फक्त कोंबड्यांना वाटलं असणार.

पत्रकांचंही तसंच. गावात जितकी मतं त्याच्या कितीतरी पट पत्रकं छापली होती, कारण जास्त छापली की स्वस्त पडतात. पोतंभर उरली. ती जागेश्वरनं फाडून खुराड्यात गादी म्हणून अंथरली. "कागद ओल शोषून घेते," तो म्हणाला. चकचकीत कागद काहीच शोषत नाही, सगळं वरच्यावर ठेवतो. हे त्याला खरं तर मतमोजणीच्या दिवशीच कळायला हवं होतं.

जानेवारी संपता संपता त्या खुराड्याचा वास स्वयंपाकघरात येऊन बसायला लागला.

"रविवारी पोरीचं बारसं हाये," रुक्माबाई म्हणाली. जेवणं आटोपली होती, ताटं अजून उचललेली नव्हती, आणि जागेश्वरच्या या बायकोला महत्त्वाचं बोलायचं असलं की ती ताटं उचलू देत नसे. उष्ट्या हातानं माणूस पळून जात नाही, असा तिचा अनुभव होता. "गोंदियाचे पाहुने येऊन राहिले. मांडव परसात. आन् परसात हा असा वास. बजाराच्या दिवशी सगळ्या कोंबड्या गोरेगावले नेऊन टाका. मी आता सांगून राहिली, मंग नोका म्हनू."

मुलगा ओमेश ताटात बोटानं रेघा मारत बसला. जागेश्वरनं छताकडं पाहिलं. पुष्पाबाई सुपात तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

रुक्माबाईला याचं आश्चर्य वाटलं. त्या कोंबड्यांवरून दोघी जावांची इतकी वर्षं चाललेली होती. कोंबड्यांनी वाळवणात पाय घालायचे, रुक्माबाईनं बोलायचं, आणि पुष्पाबाईनं, "तिले वाचता येत नाई ना, वाळवन हाये म्हनून पाटी लाव," असं काहीतरी म्हणायचं. आज तिनं उत्तर तयार ठेवलेलं होतं. पुष्पाबाई बोललीच नाही म्हटल्यावर ते उत्तर तसंच तोंडात राहिलं, आणि रुक्माबाईला जेवण कमी झाल्यासारखं वाटलं.

बोलली ती अंजू. ओमेशची बायको, गोंदियाची, मांडीवर झोपलेलं पोर, आणि सासरी आल्यापासून आवाज न चढवता घर हलवायची तिला सवय लागलेली.

"आई, तो वास कोंबडीचा नाही ना," ती म्हणाली. "ओल्या गादीचा आहे. मतलब, कोंबडी घाण नाही, आपण तिला घाणीत बसवलं."

"आपण म्हंजे कोन?" जागेश्वरनं विचारलं.

"आपण म्हणजे घर, बाबा," अंजू म्हणाली. पण घरातल्या सगळ्यांनी जागेश्वरकडंच पाहिलं.

अंजूच्या मामाचं आमगावला कोंबड्यांचं शेड होतं. लहानपणीच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिनं तिथं काढलेल्या, ही गोष्ट लग्न जमवताना तिच्या बापानं लपवून ठेवली होती. तिनं पोर ओमेशच्या मांडीवर दिलं, परसात गेली आणि मूठ आवळून परत आली. मूठ सगळ्यांसमोर उघडली.

"हे पाहा. चांगली गादी मुठीत दाबली आणि मूठ उघडली, की सुटून जाते. आणि हा तर लड्डू झाला."

खरंच लाडू झाला होता. काळपट, गच्च. त्याच्या एका अंगाला कागदाचा तुकडा चिकटलेला, आणि त्या तुकड्यातून जागेश्वरचा डावा डोळा घरातल्यांकडं मोठ्या आशेनं पाहत होता.

"ठेव तो बाजूले," जागेश्वर म्हणाला.

"कुठं ठेवू, बाबा?"

"कुठंही ठेव. माझ्याकडं पाहू नको देऊ."

यानंतर गादी कशाची करायची यावर चर्चा झाली, आणि कोंबड्या विकायच्या हा विषय निघाला होता हे रुक्माबाई स्वतःच विसरली. तिच्या माहेरी तनस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकत. ते घरचंच, रचलेला पुंजणा अंगणात उभा, कुठं जायला नको.

"तनस लांब असते ना, आई," अंजू म्हणाली. "दबून दबून त्याची चटई होते. वरून कोरडी, खाली बुरशी."

"मंग आमच्या माहेरच्या कोंबड्या काय बुरशीनं मेल्या?"

"कशानं मेल्या?"

"लग्नात," रुक्माबाईनं कबूल केलं.

ओमेशनं देवरीकडच्या आरागिरणीतला लाकडाचा भुसा सुचवला. मोटारसायकलवर दोन पोती आणू म्हणाला. घरापासून जितकं दूर जावं लागेल तितका उपाय त्याला चांगला वाटे. अंजूनं तोही मोडून काढला. बारीक भुसा उडतो, कोंबडीच्या नाकात जातो, आधीच 'सरपंच' घुरघुरतो आहे.

सरपंच हा कोंबडा होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईनं त्याचं नाव ठेवलं, आणि तेव्हापासून जागेश्वर त्याला फक्त "तो" म्हणत असे.

शेवटी राइस मिलच्या कोंड्यावर सगळ्यांचं एकमत झालं. धानाची कोरडी फोलकटं, हलकी, ओल पकडतात आणि पुन्हा सुकतात. चार बोटं जाड थर द्यायचा, रोज दाताळ्यानं वरखाली करायचा, पाण्याचं भांडं विटेवर ठेवायचं म्हणजे सांडत नाही, ओला झालेला भाग त्याच दिवशी काढायचा. इतकी एकवाक्यता या घरात केशोराव गेल्यापासून झालेली नव्हती. त्यामुळं अंजूनं पुढचं वाक्य बोलायला नको होतं.

"पण कोंडा टाकूनही फायदा नाही, जोपर्यंत फ्लेक्स तसाच आहे," ती म्हणाली. "गरम ओली हवा वर जाते. तिला वरून निघायला जागा पाहिजे. पूर्ण लांबीभर, हातभर फट. कोंबड्यांच्या अंगावर वारं नको, डोक्यावरून जायला पाहिजे. फ्लेक्सची वरची पट्टी कापावी लागेल."

ओमेशच्या मांडीवर पोर जागं झालं आणि कोणी रडत का नाही म्हणून आजूबाजूला पाहू लागलं.

"वर कोन कोन हाये?" रुक्माबाईनं हळूच विचारलं.

आता त्या फ्लेक्सवर कोण कुठं आहे हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. मधोमध जागेश्वर, हात जोडलेले, वरच्या रांगेखालपासून गुडघ्यापर्यंत. खाली सोनेरी अक्षरांत, दुरून दिसावं म्हणून दहा फूट लांब: 'जागेश्वर बिसराम पटले'. नावाच्या शेजारी निशाणी, छताचा पंखा. आणि वर, एका ओळीत, घर. डाव्या कोपऱ्यात जागेश्वरचे वडील बिसराम, फेट्यात. मग रुक्माबाई. मग युवा नेते म्हणून ओमेश, काळा चष्मा लावून. उजव्या कोपऱ्यात, प्रेरणास्थान म्हणून, केशोराव.

"माह्या सासऱ्याचं तोंड कापाल?" रुक्माबाई म्हणाली. "आन् माहं? त्या फोटोसाठी मी नवी साडी नेसली होती."

"माझं कापा," ओमेश म्हणाला. त्या चष्म्यावरून मित्र अजून बोलत होते.

"एका ओमेशमधून किती हवा जाईल?" अंजू म्हणाली. "त्याच्यानं तर घरातही काही हलत नाही."

"पंखा होता ना निशानी," रुक्माबाई नवऱ्याकडं वळली. "तो चालवा आता. तेवढीच हवा."

 जागेश्वरला आपण एकटे पडत चाललो हे दिसत होतं. बायको मघाशी कोंबड्यांच्या विरुद्ध होती, आता ती सुनेच्या बाजूनं झाली, कारण त्या बाजूला नवऱ्याला बोलायची सोय जास्त होती. युती म्हणजे हेच, हे त्यानं गावात पाहिलं होतं. घरातही तेच.

"कापायची काही गरज नाई," तो म्हणाला.

"मग खाली सरकवू," अंजू म्हणाली. "आहे तसाच हातभर खाली घेऊ. वर आपोआप फट पडेल. कोणाचं तोंड कापायला नको."

"आन् खालचं?"

"खालचं आत दुमडून गादीत जाईल."

"खाली माझं नाव हाये," जागेश्वर म्हणाला.

ओमेशनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"माझं नाव कोंबड्यांच्या घानीत जाईन," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा हळू. "बाबानं ठेवलेलं नाव हाये. गावानं घेतलं नाई ते वेगळं."

त्यावर हसण्यासारखं बरंच होतं, पण रुक्माबाईसुद्धा हसली नाही. तिनं फक्त एक ताट उचललं.

"मग काढूनच टाकू सगळा," ओमेश म्हणाला.

"थंडीनं मरतील," पुष्पाबाई बोलली. जेवण झाल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य. सूप तिनं खाली ठेवलं. "काढू नोका. कापू बी नोका. भाऊजीचा फलक हाये, राहू द्या तसाच. कोंबड्या नेऊन टाका बजारात."

रुक्माबाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. इतक्या वर्षांची लढाई ती या क्षणी जिंकली होती, आणि तिला ती जिंकायची नव्हती.

"काऊन पन?" ती चिडून म्हणाली. "कायले विकायच्या? नात मोठी होईन, तिले अंडं लागंन. आन् वाळवनावर मी बोलू कोनाले? चिमन्याइले?"

"तूच म्हनली होती ना."

"मी तर म्हनतच असतो, बाई. तुमी कधीपासून ऐकाले लागल्या?"

अंजू मोठ्या सासूकडं पाहत होती. या बाईनं आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. हवा वरून जायला हवी हे तिला अंजूच्या मामापेक्षा आधीपासून माहीत असणार. मूठ दाबून पाहायचंही माहीत असणार. दोन महिने रोज सकाळी ती त्या खुराड्यात जात होती, डोळे पुसत बाहेर येत होती, आणि एक चीर मारा म्हणून तिनं एकदाही म्हटलं नव्हतं. अंजूला याचा अर्थ लागला नाही. तिनं पोर घेतलं आणि थोपटायला लागली.

जागेश्वरला मात्र अर्थ लागला होता, आणि तो त्याला फार आवडला. वहिनीला आपल्या फ्लेक्सचा मान आहे. गावात एकानं तरी आपल्याला ओळखलं. हा आनंद त्यानं हात धुवेपर्यंत टिकवला. मग त्याला आठवलं, की कोंबड्याचं नाव सरपंच याच बाईनं ठेवलं आहे.

तो परसात गेला. सांगून गेला असता तर सगळे मागे आले असते, म्हणून लोटा घेऊन गेला.

खुराड्याचं दार वाकूनच उघडावं लागे. आत गेल्यावर त्यानं उभं राहायचा प्रयत्न केला, डोकं पत्र्याला लागलं, आणि मग तो कोंबडीसारखा खाली बसला. दोन श्वास घेतले. तिसरा घेववेना. डोळ्यांत कोणी कांदा पिळल्यासारखं झालं. पायाखाली त्याची आश्वासनं लगदा होऊन पडली होती, नळ योजना एका बाजूला, सिमेंट रस्ता दुसऱ्या. दांडीवर सरपंच बसला होता, गळ्यातून घुर्र घुर्र आवाज करत. एकमेकांना तोंड देण्याची त्या दोघांचीही तयारी नव्हती.

दिवस फ्लेक्समधून पिवळट झिरपत होता. जागेश्वरनं वर पाहिलं. वडिलांच्या फेट्यावर जाळं. रुक्माबाईच्या नव्या साडीवर शिंतोडे. ओमेशच्या चष्म्याचा नेमका मध्य कोणीतरी साधलेला. त्याच्या स्वतःच्या तोंडावर तर इतकी धूळ, की मिशी कुठं संपते हे सांगता येऊ नये.

फक्त उजवा कोपरा स्वच्छ होता.

ओल्या फडक्यानं रोज पुसल्यासारखा स्वच्छ, काचेसारखा. त्यात केशोराव हसत होता. ओमेशच्या लग्नात, बॅन्डसमोर नाचताना जागेश्वरचा फेटा सुटून डोळ्यांवर आला होता आणि तो तसाच नाचत राहिला होता, तेव्हाचा तो फोटो. ओमेशच्या मोबाइलमध्ये होता. फ्लेक्सवाल्याला दिला, आणि मग धानाच्या रोवणीच्या वेळी मोबाइल शेतात, बांधीच्या पाण्यात गेला. घरात हार घातलेला फोटो आहे तो बँकेच्या पासबुकावरून मोठा केलेला. त्यात केशोराव असा बसला आहे, की जणू त्याला सही जुळत नाही म्हणून सांगितलं आहे. हसताना तो जगात आता याच एका ठिकाणी होता.

कोपऱ्याच्या खाली, भिंतीला टेकून, एक पाट ठेवलेला होता. जागेश्वर त्या पाटावर बसून पाहू लागला. मान पार मागं टाकावी लागली.

तो घरात परतला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"वास खूप हाये," तो म्हणाला.

"आमी काय म्हनून राहिलो मंग," रुक्माबाई म्हणाली.

"ओमेश, पकड आन. आन् कैची. फ्लेक्स खाली घ्यायचा."

"आणि नाव?" अंजूनं विचारलं.

"नाव कापून टाक."

आता ओमेशच उठायला तयार होईना. बाप कधी एका वाक्यात मानला, हे त्यानं पाहिलेलं नव्हतं, आणि अशा वेळी काय करतात ते त्याला माहीत नव्हतं. पुष्पाबाईनं मान वर केली.

"कायले, भाऊजी? म्हनलं ना मी, राहू द्या."

जागेश्वर तिच्याकडं न पाहता खुंटीवरून टॉवेल काढत होता. टॉवेल निघत नव्हता, निदान तो तसं दाखवत होता.

"दादाले जरा खाली घेऊ, वयनी," तो म्हणाला. "वर पाहू पाहू तुमची मान दुखत असंन."

पुष्पाबाईनं पदर सारखा केला, सूप घेतलं आणि निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली. रुक्माबाईनं सगळ्यांची ताटं एकदम उचलली, इतकी एकदम की एक पडलं, आणि ते उचलायला तिनं पुष्कळ वेळ लावला.

पुढचे दिवस घर खुराड्यात होतं. पत्रकांचा लगदा खरवडून उकिरड्यावर गेला, जागेश्वरनं तो स्वतः नेला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जमीन उन्हात वाळू दिली, चुना मारला. ओमेशनं मिलमधून कोंडा आणला, आणि तो पसरल्यावर अंजूनं मूठ दाबून उघडली. फोलकटं बोटांतून झरझर सुटली. मग सगळ्यांनी एकेकदा दाबून पाहिली. रुक्माबाईनं दोनदा. वर, पत्र्याखाली, पूर्ण लांबीभर हातभर फट पडली आणि तिला जाळी होतीच. केशोराव खाली आला, पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, आणि त्याच्या शेजारी जागेश्वर, जोडलेल्या हातांसकट, निनावी.

कापलेली पट्टी टाकून द्यायला पुष्पाबाईनं नकार दिला. दहा फूट चांगलं प्लास्टिक कोणी टाकतं का? रात्री कोंबड्या जिथं बसतात त्या दांडीखाली तिनं ती अंथरली. रात्रभराची घाण पट्टीवर पडते, कोंड्यात मिसळत नाही, सकाळी पट्टी ओढायची, झटकायची, विहिरीवर धुवायची. गादी कितीतरी दिवस टिकते. जागेश्वरला हे कोणी सांगितलं नाही. सांगायचं कोणी, यावर घरात अजून एकमत व्हायचं होतं.

रविवारी अंजूचे वडील, श्यामलाल, गोंदियाहून सगळ्यांच्या आधी पोचले. फाटकाशी थांबले, आत आले, मांडवात खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

"क्या बात है, जागेश्वरभाऊ," ते म्हणाले. "अंजू फोनवर सांगत होती, कोंबड्या आहेत म्हणून. विकल्या वाटतं?"

त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून, हात-दीड हातावरून, सरपंच आरवला. पूर्ण, स्वच्छ, मध्ये कुठं न अडकता. श्यामलालच्या हातातलं पाणी सांडलं. रुक्माबाईनं पुष्पाबाईकडं पाहिलं आणि दोघींनी एकाच वेळी पदर तोंडाला लावला.

"आन् एक चांगलं केलंत," श्यामलाल धोतर झटकत म्हणाले. "घराला नाव लावलंत. पार वळणावरून दिसतं. मला कोणाला विचारावं लागलं नाही."

"कायचं नाव?" जागेश्वर म्हणाला.

तो फाटकापर्यंत गेला. कुंपणाच्या कडेनं, पाळण्याच्या दुपट्यांच्या शेजारी, तारेवर त्याचं नाव वाळत होतं. धुतलेलं, सोनेरी, ऊन पडून लखलखणारं, दहा फूट. पाण्याचे थेंब अजून 'पटले'वरून गळत होते. समोरून दोन बायका बारशाला येत होत्या, त्या वाचत येत होत्या. मागून ओमेशचा मित्र विक्की मोटारसायकलवर आला, त्यानं ब्रेक मारून वाचलं आणि हात जोडून पुढं गेला. प्रचाराच्या पंधरवड्यात जागेश्वरला या रस्त्यावर इतके हात कोणी जोडले नव्हते.

पट्टी कुठं असते, रोज का धुतात, हे त्याच्या तिथंच, उभ्या उभ्या लक्षात आलं.  मागं पुष्पाबाई येऊन उभी राहिली. तिच्या हातात बारशाचं घुगऱ्यांचं पातेलं होतं.

"वयनी," तो म्हणाला, "अक्षरं अशीच ठेवत जा. रस्त्याकडं."

"अशीच ठेवतो, भाऊजी."

"आन् रोज?"

"रोज. कोंबड्या काय सुट्टी घेऊन राहिल्या?" ती म्हणाली. "मत कोनी देईन का, ते मी नाई सांगत. पन धुतलेलं राहीन तुमचं नाव. तेवढं मी पाहीन."

मांडवातून अंजूनं हाक मारली, पाळण्याला दोरी बांधायची होती. पुष्पाबाई जाता जाता वाट सोडून खुराड्याकडं वळली, दार उघडलं, आत उजव्या कोपऱ्याकडं डोकावून म्हणाली, "चला, नाव ठेवून राहिले नातीचं," आणि दार लोटून घेतलं. कोंबड्यांना सांगितलं असावं, असं जागेश्वरनं धरलं आणि पाळण्याची दोरी शोधायला गेला.